सातची रिंग

आमच्या घरी दात घासायची वेळ घड्याळावर नव्हती, रिंगवर होती. रोज सकाळी सात वाजता आईचा फोन दीड वेळा वाजायचा आणि बंद व्हायचा. एक पूर्ण रिंग, दुसरी अर्धी. ती वाजली की मी ब्रश तोंडातून काढून चूळ भरायचे. पलीकडच्या खोलीत आई पांघरुणाची घडी घालत असायची. ती फोनला हात लावायची नाही, त्याच्याकडे बघायचीही नाही, फक्त घडी जरा जास्तच नीट घालायची. दहा वर्षं हे असंच चाललं होतं.

रिंग मामाची असायची. आई आणि मामा यांच्यात अबोला होता, आणि आमच्या घराण्यात अबोला धरायचा म्हणजे तो नोकरीसारखा धरतात, इमानेइतबारे, एकही रजा न घेता. कारण सांगितलं तर लोक हसतात. अकरा वर्षांपूर्वी आजी गेली, आणि मामाने ती बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. सकाळी सात वाजता, 'आई गेली' एवढे दोन शब्द. त्याच्या वर कोणाचं तरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात होतं आणि खाली चुलतभावंडांचे जोडलेले हात. माझ्या आईने ते वाचलं साडेअकराला, ऑफिसात, चहाच्या सुट्टीत. तोवर तिची आई गेल्याचं सत्तावीस जणांना कळून गेलं होतं. मामाचं म्हणणं, माझे हात थरथरत होते, एकेकाला फोन करायचं त्राण नव्हतं. आईचं म्हणणं, मी एकेक नव्हते. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर मिटेना.

आईने त्याच दिवशी ग्रुप सोडला आणि मामाशी बोलणंही सोडलं. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, सकाळी सात वाजता तिचा फोन दीड वेळा वाजला. दुसऱ्या दिवशीही वाजला. तिने कधी उचलला नाही आणि त्याने कधी पुढे वाजू दिला नाही. पण एकदा चार दिवस मामा इस्पितळात होता तेव्हा रिंग आली नाही, आणि आईने त्या चार दिवसांत स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून, घासून, परत भरले. पाचव्या दिवशी रिंग आली. आई म्हणाली, "आता डब्यांना झाकणं सापडत नाहीयेत," आणि हसली. एवढ्यावर त्यांचं भावाबहिणीचं नातं चालू होतं, आणि मला विचाराल तर बोलणाऱ्या पुष्कळ भावंडांपेक्षा बरं चालू होतं.

आता माझ्या धंद्याविषयी. मी एका संस्थेत नेटवर्क समाज हा विषय शिकवते आणि त्यावर संशोधन करते. माणसं म्हणजे ठिपके, त्यांचे संबंध म्हणजे रेषा, आणि यंत्रं मध्ये आली की त्या रेषा कशा वाकतात, कुठे जाड होतात, कुठे तुटतात, हे बघायचं. आई शेजारणींना सांगते, "ती लोकांचे फोन मोजते." सतरा वर्षांच्या अभ्यासाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या विभागप्रमुखांनाही जमलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका फोन कंपनीने आमच्या संस्थेला कामाला लावलं. त्यांच्याकडे लाखो कॉलच्या नोंदी होत्या, नावं काढून टाकलेल्या. त्यांना हवं होतं एकच: यातले माणसांचे कॉल कोणते आणि यंत्रांचे कोणते, ते ओळखायची युक्ती. नको असलेले कॉल त्यांना परस्पर अडवायचे होते. युक्ती मी शोधली. रोज त्याच मिनिटाला येणारा, सहा सेकंदांच्या आत तुटणारा, कधीच न उचललेला आणि ज्याला उलट कॉल कधीच गेलेला नाही, असा कॉल हा संबंध नव्हे. माणसं असं वागत नाहीत, असं मी लिहिलं. अशा रेषांना मी नाव दिलं, मृत दुवे. आणि वर मखलाशी अशी की नातं एकाचं नसतं, दोघांचं असतं, तेव्हा मृत दुवा दोन्ही टोकांकडून बंद करावा. या वाक्याला सभागृहात टाळ्या पडल्या. मी ते वाक्य त्याच दिवशी सकाळी रचलं होतं, दात घासताना.

काखेत कळसा म्हणतात तो हा. मला कधीही, एकदाही आईचा फोन आठवला नाही. तो माझ्या लेखी कॉलच नव्हता. ती सातची रिंग होती, दुधवाला येतो तशी.

गेल्या वर्षाअखेर कंपनीने माझा नियम आपल्या सगळ्या ग्राहकांच्या फोनांमध्ये घातला. एका सकाळी मी ब्रश करत राहिले, करत राहिले, आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा घड्याळ बघितलं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. आईने विचारलं, फोन बिघडलाय का बघ. मी माझ्या फोनवरून तिला कॉल लावून पाहिला, तो खणखणीत वाजला. ठीक आहे म्हणाले आणि बसला पळाले. त्या आठवड्यात मला एक लेख पुरा करायचा होता, विषय होता कुटुंबातला संवाद.

आईने पुन्हा काही विचारलं नाही. मामा बरा आहे हे तिला इकडून तिकडून कळत होतं, त्यामुळे काळजीचा प्रश्न नव्हता. म्हणजे त्याने मुद्दामच बंद केलं, एवढा एकच अर्थ उरत होता. डबे तिने या वेळी घासले नाहीत. ती पांघरुणाची घडी घालायचीच बंद झाली. पलंगावर ते तसंच गोळा होऊन पडलेलं असायचं. मला ते दिसत होतं. मी समजले, वय झालं.

चार महिन्यांनी लेख परत आला. परीक्षकाने लिहिलं होतं, मृत दुव्याचं एखादं प्रत्यक्ष उदाहरण द्या, फोनच्या पडद्याच्या चित्रासह. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, म्हणून मी आईचा मागून घेतला. तिला सांगितलं, दोन मिनिटांचं काम आहे. 'आपोआप रोखलेले कॉल' असं एक पान होतं, ते उघडलं. त्यात एकच नंबर होता. एकोणीस कॉल, एकोणीस दिवस ओळीने, प्रत्येक सकाळी सातचा. मग काही नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. खरं सांगते, मला पहिली जाणीव झाली ती शरमेची नव्हती. माझा नियम अचूक चालला होता, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, मला त्याचा आनंद झाला. नंतर मी त्या तारखा पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

आईला खाली बसवून मी सगळं सांगितलं. नियम माझा, चूक माझी, मामाने काही बंद केलेलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीही केला होता."

मला कळेना.

"त्याला. आठवडाभर वाट बघितली आणि मग मीच लावला, सातला. अकरा दिवस लावला. रोज ती बाई म्हणायची, या क्रमांकाने आपले कॉल स्वीकारणे बंद केले आहे. अकरा दिवस ऐकलं गं मी ते. दहा वर्षांत मी पहिल्यांदा फोन केला आणि त्याने दार लावून घेतलं."

ती बाई म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज. ते वाक्य मला पाठ होतं, कारण कंपनीने पाठवलेल्या तीन वाक्यांतून ते मीच निवडलं होतं. बाकीची दोन फार लांबलचक होती. म्हणजे तिकडे मामाने एकोणीस दिवस हेच ऐकलं होतं. दोन्ही टोकांकडून बंद.

मी तिला यादी दाखवली. तिने चष्मा लावून तारखा वाचल्या, फोन उलटा ठेवला आणि म्हणाली की यंत्रात काय दिसायचं ते तुझ्याच हातात असतं, तूच तर सांगतेस. शिवाय तिला जुनं आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मी मामाच्या नावाने एक शुभेच्छापत्र आणून दाराखालून सरकवलं होतं. ते तिने वाचून मलाच परत दिलं होतं, "तो मला 'प्रिय ताई' म्हणायला लागला तर मी डॉक्टर पाठवीन त्याच्याकडे," असं म्हणून. एकदा लांडगा आला म्हणून झालं होतं. आता खरा आला तर कोण धावणार.

पण तिने दार अगदीच लावून घेतलं नाही. उठता उठता म्हणाली, "तू म्हणतेस तसं असेल तर उघड ते. सातला वाजली तर खरं."

मी तिच्या फोनमधून तो अडसर काढला. मग कंपनीच्या अभियंत्याला फोन केला, ज्याने माझा नियम बसवला होता. मोठा सभ्य माणूस. तो म्हणाला की हवं तर ज्याने त्याने आपापल्या फोनमधून काढावं, पण नियम मागे घेता येणार नाही, तो फार छान चाललाय. मी म्हटलं, अशी आणखी माणसं असतील. तो म्हणाला, तक्रारी जवळजवळ शून्य आहेत मॅडम. आता जी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत ती याच्याशी कशाला बोलायला जातील? हे मी त्याला सांगितलं. त्याने ते टिपून घेतलं. शेवटी माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सातला काही वाजलं नाही, वाजणार नव्हतंच, कारण मामाला अजून काही ठाऊक नव्हतं. मी दोन तासांचा बसचा प्रवास करून त्याच्याकडे गेले. मामा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरच्याशी बोलताना तो अजून डोळ्यांत न बघता चष्म्यात बघतो. घरात तो, त्याचा मुलगा आणि सून. मुलगा कामानिमित्त बाहेरगावीच असतो. सून, म्हणजे माझी वहिनी, घरात पडदे शिवते. बैठकीच्या खोलीभर कापड पसरलेलं होतं आणि मामा त्याच्या मध्यभागी बेटावर बसल्यासारखा खुर्चीत बसला होता.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने माझा चष्मा काढून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत दिला. मग म्हणाला, "बाईचा आवाज ऐकलाय मी. एकोणीस दिवस ऐकला. तुझ्या आईने कधी आवाज चढवला नाही. दुसऱ्याच्या तोंडून बोलवून घेतलं की तिचे हात स्वच्छ."

मी म्हटलं, मामा, तो आवाज तिचा नाही, माझा आहे म्हण. तिने तुला अकरा दिवस फोन लावला.

"तिने? मला?" तो खिडकीकडे वळला. मी त्याचा फोन घेऊन त्यातलाही अडसर काढला. रोखलेल्या कॉलची यादी त्याच्यासमोर धरली, पण त्याने ती वाचली की नाही, सांगता येत नाही. मी विचारलं, उद्या सातला लावशील ना? तो म्हणाला, "बघू."

आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी सर्कशीला जायचं का विचारलं की बघू, आणि सर्कस गावातून निघून जायची. हे मी चाळीस वर्षं ऐकत आले होते. म्हणून निघताना मी वहिनीला जिन्यात गाठलं. तिला म्हटलं, उद्या सात वाजता तुम्ही त्याच्या फोनवरून लावा. एक पूर्ण, एक अर्धी, की तोडा. एकदा गाडी रुळावर आली की पुढे ते दोघं बघतील. वहिनी म्हणाली, "ताई, बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, कळणार नाही. मोडलेली रेषा जोडायची इतकी घाई मला झाली होती. ज्याच्या हाताने मोडलं त्याला चैन पडत नाही, दुसरं काय.

सोमवारी सकाळी मी ब्रश हातात घेऊन उभी होते. पलीकडे आईने पांघरूण उचललेलं मला दाराच्या फटीतून दिसलं. सात वाजले. फोन वाजला. एक पूर्ण. दुसरी अर्धी. दुसरी जवळजवळ पूर्ण. मग बंद.

आईच्या हातातलं पांघरूण तसंच राहिलं. मी आत जाऊन, शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "वाजली ना?"

"वाजली," ती म्हणाली. मग पलंगावर बसली. "त्याची नाही ती."

मी म्हटलं, नंबर बघ, त्याचाच आहे.

"नंबर त्याचा आहे. हात त्याचा नाही. तो असा रेंगाळत नाही. दहा वर्षं ऐकलंय मी. हे कोणीतरी मोजून केलंय." तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी नजर खाली घातली. संपलं. मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, पण तिच्यासमोर येत नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा केला, मला दिला. मी कामावर गेले आणि दिवसभर वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी परतले तेव्हा ती टेबलाशी मटार सोलत बसली होती, आणि फोन मटारांच्या शेजारी ठेवलेला होता. तिने तो माझ्याकडे सरकवला.

"तो नंबर बंद कर."

मी म्हटलं, आई, एक दिवस थांब. खरंच सांगते, त्याला सगळं कळलंय, तो विचार करतोय.

"तू त्याचं पत्र लिहिलंस, आता रिंग वाजवलीस. उद्या त्याच्या आवाजात बोलशील. तेही करता येतं म्हणे आता." तिने एक शेंग फोडली, त्यात दाणे नव्हते, ती बाजूला टाकली. "रिंग नव्हती तेव्हा निदान मला ठाऊक होतं की नाहीये. आता रोज वाजली की मी विचार करायचा, हा तो की तू? या वयात मला हे नको. बंद कर. तुला येतं ना?"

मला येत होतं. त्या कामात माझ्याइतकं तरबेज कोणी नव्हतं. मी आणखी दोन-तीनदा विनवलं. ती शेंगा फोडत राहिली आणि फोन मध्ये पडून राहिला. शेवटी मी तो उचलला, नंबरावर बोट ठेवलं. फोनने विचारलं, नक्की? मी आईकडे बघितलं. ती मटार मोजत असल्यासारखी त्यांच्याकडे बघत होती. मी नक्की म्हटलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता घरात काही वाजलं नाही. सव्वासातला माझा फोन वाजला. वहिनी होती. हळू आवाजात बोलत होती, मागे शिलाई मशीन बंद होतं.

"ताई, मी आज काही केलं नाही हं. बाबांनी स्वतः लावला. पावणेसातपासून दाढी करून बसले होते. खिडकीशी उभं राहून लावला, आणि मग फोन कानाला तसाच धरून ऐकत राहिले. मला म्हणाले, 'बघ, तीच बाई. प्रोफेसरीण थापा मारून गेली.' आता बोलत नाहीयेत." मग आणखी हळू म्हणाली, "आणि ताई, एक सांगायचं राहिलं. कालसुद्धा ते सातला फोन शोधत होते. सगळे पडदे उचलून बघितले त्यांनी. फोन माझ्याकडे होता, स्वयंपाकघरात. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

मी आईच्या खोलीत गेले. ती नव्हती, नळाचा आवाज येत होता. फोन उशाशी होता. मी यादी उघडली. आजचा रोखलेला कॉल एक, सात वाजता. चार महिन्यांपूर्वी ती बाई दोघांशी खोटं बोलली होती. आज पहिल्यांदा ती मामाशी खरं बोलली होती, आणि ते खरं मी माझ्या बोटाने केलं होतं.

विषयावरची माझी सगळी पुस्तकं बाहेरच्या खोलीत दोन भिंती व्यापून आहेत. त्यांत या गाठीचं चित्र कुठेतरी असेल. दोन ठिपके, मध्ये रेषा, रेषेवर मी. ती कशी सोडवायची ते नसेल. मामाकडे पुन्हा जावं तर तो मला चष्म्यातही बघणार नाही. आईला सांगावं तर कोणत्या तोंडाने? पण गप्प तरी कशी बसू.

ती पदराला हात पुसत आत आली. मी फोन पुढे केला. म्हटलं, "आई, आज त्याने लावला होता. स्वतः. आज खरंच."

तिने फोन घेतला नाही. पलंगावरचं गोळा झालेलं पांघरूण उचलून खुर्चीवर टाकलं, चादर झटकली.

"हो," ती म्हणाली. "कालही लावलाच होता की त्याने."